सलाइनचा हिशेब

१९६१ साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या अमेरिकन नियतकालिकात डॅलसचे सर्जन टॉम शायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध छापून आला. त्यातले रुग्ण होते अवघे अठरा. पोटाची मोठी शस्त्रक्रिया होत असताना शरीरातले पेशींबाहेरचे पाणी नुसते सांडून जात नाही, त्यातला बराच भाग शरीरातच कुठेतरी अडकून पडतो आणि रक्ताभिसरणाच्या कामी येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पाणी अडकवून ठेवणाऱ्या या अदृश्य ठिकाणाला वैद्यकाच्या बोलीत ‘थर्ड स्पेस’ म्हटले जाऊ लागले. पुढची चाळीस वर्षे ही कल्पना जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत पाठ्यपुस्तकी सत्य म्हणून वावरली. शस्त्रक्रियेत रक्तदाब घसरला की सलाइनचा वेग वाढवायचा, आणि न घसरला तरी तिसऱ्या जागेत मुरणारे पाणी तासातासाला भरून काढत राहायचे, ही रीतच झाली. ही कल्पना बहुतांशी चुकीची होती हे आज स्पष्ट झाले आहे. तरी या इतिहासाचा धडा ‘सलाइन वाईट’ एवढाच घेतला, तर तो अर्धाच राहतो. खरी चूक पाण्याच्या मापात नव्हती, प्रश्नांच्या क्रमात होती. या रुग्णाचा रक्तदाब का घसरला, हे विचारण्याआधीच किती द्यायचे याचे उत्तर सूत्राने देऊन ठेवले होते.

भुलेखाली रक्तदाब घसरतो हे शायर्स यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. निजामाच्या पैशावर १८८९ साली हैदराबादेत बसलेल्या क्लोरोफॉर्म कमिशनने शेकडो जनावरांना भूल देऊन त्यांच्या रक्तदाबाचे आलेख काढले होते. माणसाच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत तूरिनच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली दाखवली. १९०१ साली तरुण हार्वे कुशिंग यांनी ती इटलीत पाहिली आणि बाल्टिमोरला नेली. शस्त्रक्रियेत रक्तदाब नेमाने मोजला जावा, असा आग्रह त्यांनी धरला. हार्वर्डच्या सर्जनांच्या समितीला मात्र त्या उपकरणापेक्षा नाडीवरचे कसलेले बोटच अधिक भरवशाचे वाटले. पुढे पट्टा जिंकला आणि घसरण सगळ्यांना आकड्यांत दिसू लागली. पण घसरणीचे कारण आकडा सांगत नाही. क्लीव्हलंडचे जॉर्ज क्राइल म्हणत, वेदनेच्या माऱ्याने रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणारी मज्जाकेंद्रे थकतात. पहिल्या महायुद्धात वॉल्टर कॅनन यांनी जखमी स्नायूंतून सुटणाऱ्या विषावर संशय घेतला. १९३० साली नॅशव्हिल येथे आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी कुत्र्यांच्या जखमी पायांची वजने करून दाखवली. पायात साचलेले रक्त आणि द्रव एवढे होते, की रक्तदाब कोसळायला वेगळे विष शोधण्याची गरज उरली नाही. रक्तवाहिन्यांतला द्रव कमी झाला म्हणून दाब कमी झाला, हे त्यानंतरचे मुख्य उत्तर ठरले. जखमेपुरते ते खरेच होते. त्याची व्याप्ती किती, हे ठरवण्यात पुढचे अर्धे शतक गेले.

दरम्यान सर्जनांना उलट दिशेचा अनुभवही येत होता. मिशिगन विद्यापीठाच्या फ्रेडरिक कॉलर यांनी आधी शस्त्रक्रियेनंतर सढळ हाताने सलाइन द्यावे असे सुचवले होते. १९४४ साली त्यांनीच ती शिफारस मागे घेतली, कारण शस्त्रक्रियेनंतर शरीर मीठ बाहेर टाकत नाही आणि दिलेले मीठ सूज होऊन अंगात राहते, असे त्यांना आढळले. बोस्टनच्या फ्रान्सिस मूर यांनी त्यामागची यंत्रणा मांडली. १९५९ साली आलेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथावर सर्जनांची एक पिढी वाढली. त्यांचे म्हणणे असे, की शरीर शस्त्रक्रियेला इजाच समजते आणि इजा झाली की काही संप्रेरके वाढून मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर लघवी कमी होणे हा दर वेळी पाणी कमी पडल्याचा पुरावा नसतो, तो शरीराचा ठरलेला प्रतिसादही असू शकतो. यावरून मूर यांचा सल्ला हात आखडून देण्याचा होता. शायर्स यांचा निबंध या मताच्या थेट विरोधात उभा राहिला.

शायर्स यांचा प्रयोग जवळून पाहायला हवा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. त्यांनी तीन किरणोत्सारी खुणा वापरल्या. क्रोमियम लावलेल्या लाल पेशींनी रक्तातल्या पेशींचे आकारमान मोजले, आयोडीन लावलेल्या अल्ब्युमिनने रक्तद्रवाचे, आणि किरणोत्सारी गंधक असलेल्या सल्फेटने पेशींबाहेरच्या एकूण पाण्याचे. पाच रुग्णांवर किरकोळ शस्त्रक्रिया होत्या, तेरांवर मोठ्या. शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर सुमारे दोन तासांनी पुन्हा मोजमाप केले, तेव्हा मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत पेशींबाहेरचे पाणी घटलेले दिसले. काहींत ही घट २८ टक्क्यांपर्यंत होती आणि सांडलेल्या रक्ताच्या हिशेबात ती बसत नव्हती. कल्पना हुशार होती आणि त्या काळाच्या मानाने तंत्रही पुढचे होते. पण तिच्यात एक कच्चा दुवा होता. सल्फेट शरीरभर सारखे पसरायला वेळ लागतो आणि भुलेखाली, आतडी हाताळली जात असताना, रक्त सगळीकडे एकाच वेगाने पोहोचत नाही. खूण पुरती पसरण्याआधीच नमुना घेतला, तर जिथे ती पोहोचली नाही ते पाणी हिशेबात येत नाही आणि हरवल्यासारखे दिसते. खूण पसरायला जास्त वेळ देणाऱ्या, अनेक नमुने घेणाऱ्या नंतरच्या अभ्यासांत ही घट सापडली नाही. डेन्मार्कच्या बिर्गिट ब्रांडस्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हे सगळे अभ्यास एकत्र मांडले. तिसऱ्या जागेचा पुरावा मोजण्याच्या एका विशिष्ट पद्धतीपुरताच आहे, हे त्यांतून स्पष्ट झाले.

मग ही कल्पना एवढी रुजली कशी? कारण ती ज्या रुग्णांच्या जिवावर रुजली ते वेगळे होते. शायर्स यांचे पार्कलंड रुग्णालय अपघात आणि गोळीबाराच्या जखमींसाठी ओळखले जाई. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पोटात गोळी लागलेला ली हार्वे ऑस्वाल्ड तिथेच आणला गेला. शायर्स यांच्या पथकाने त्याचे पोट उघडले, पण मुख्य रक्तवाहिन्या फाटल्या होत्या आणि तो वाचला नाही. अशा रक्तस्रावात नुसते रक्त परत देण्यापेक्षा रक्ताबरोबर रिंगर लॅक्टेट हे सलाइनसारखेच क्षारयुक्त द्रव दिले तर जास्त जीव वाचतात, हे शायर्स यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवले होते. व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांना हे द्रव भरपूर दिले गेले आणि कोरियन युद्धाच्या तुलनेत मूत्रपिंडे बंद पडण्याचे प्रमाण घटले. हेलिकॉप्टरने जखमी लवकर पोहोचत होते हेही त्यामागे होतेच, पण श्रेयाचा मोठा वाटा सलाइनकडे गेला. त्याच युद्धात फुप्फुसे पाण्याने भरल्यासारखी होऊन सैनिक दगावू लागले. त्या आजाराला ‘दा नांग लंग’ म्हणू लागले, आणि त्यातला काही वाटा अति द्रवाचा असावा असा संशय बळावला. १९६७ साली मूर आणि शायर्स या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून त्याच ‘ॲनल्स’मध्ये एक संपादकीय लिहिले. त्याचे शीर्षक होते ‘मॉडरेशन’, म्हणजे संयम. शायर्स यांनी पाण्याचा महापूर मागितला नव्हता, तो त्यांच्या नावावर खपवला गेला. योजून केलेल्या शस्त्रक्रियेत मोजलेली गोष्ट रक्तस्रावाच्या रुग्णांत यशस्वी ठरली, आणि त्या यशाच्या जोरावर ती पुन्हा योजून केलेल्या शस्त्रक्रियेत सक्तीची झाली. या फेऱ्यात मूळ मोजमाप पुन्हा तपासण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

संपादकीय विस्मरणात गेले आणि सूत्र राहिले. त्या सूत्राने प्रत्यक्षात काय होई ते एका उदाहरणाने पाहू. ७० किलो वजनाचा रुग्ण, आतड्याच्या कर्करोगासाठी तीन तासांची शस्त्रक्रिया, अर्धा लिटर रक्तस्राव. मुलांसाठी १९५७ साली मांडलेल्या नियमातून आलेल्या हिशेबाने त्याची दर तासाची गरज ११० मिलिलिटर. दहा तास उपाशी, म्हणून आधी ११०० मिलिलिटर भरून काढायचे. तीन तासांची नेहमीची गरज ३३० मिलिलिटर. तिसऱ्या जागेसाठी किलोमागे ताशी १० मिलिलिटर धरले, तर २१०० मिलिलिटर. सांडलेल्या रक्ताच्या तिप्पट सलाइन, म्हणजे १५०० मिलिलिटर. बेरीज पाच लिटरच्या वर जाते. माणसाच्या अंगात रक्तच सुमारे पाच लिटर असते. एक लिटर सलाइनमध्ये नऊ ग्रॅम मीठ असते, तेव्हा हे सगळे सलाइनच असेल तर ४५ ग्रॅम मीठ अवघ्या तीन तासांत शिरेतून गेले. आणि या हिशेबात रुग्णाचा रक्तदाब किती होता, हा प्रश्न कुठेच आलेला नाही.

सूत्राचा एकेक आधार तपासला की डगमगतो. उघड्या पोटातून वाफेने पुष्कळ पाणी जाते असे गृहीत होते. १९७७ साली स्वीडनमध्ये लाम्के आणि सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्ष मोजले. आतडी पूर्ण बाहेर काढून ठेवली तरी तासाला सुमारे ३२ ग्रॅम पाणी जाते, म्हणजे दोन मोठे चमचे. रात्रभर उपाशी राहिल्याने रक्त कमी होते असे गृहीत होते. म्युनिकच्या जेकब आणि चॅपेल यांच्या गटाला उपाशी रुग्णांतही रक्ताचे आकारमान जवळपास नेहमीइतकेच आढळले. आणि सगळ्यात मोठे गृहीतक होते ते दाब घसरला म्हणजे द्रव कमी पडला, हे. अंगातले बहुतेक रक्त शिरांमध्ये असते. भूल देताना, विशेषतः पाठीत एपिड्यूरल दिल्यावर, या शिरा सैल पडतात आणि तेवढेच रक्त मोठ्या जागेत विसावते. आतडी ओढली गेली की काही काळ रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात. अशा वेळी रुग्णाने काहीच गमावलेले नसते. त्याला दोन लिटर सलाइन दिले तर दाब थोडा वेळ वर येतो, पण त्यातला मोठा भाग रक्तवाहिन्यांबाहेर पडून ऊतींत मुरतो. भूल उतरल्यावर शिरा पुन्हा आवळतात आणि ते पाणी तसेच उरते. सूज म्हणून दिसणारे हे पाणी मग तिसऱ्या जागेचा पुरावा म्हणून दाखवले जाई. उपचाराने निर्माण केलेली गोष्टच उपचाराचे कारण ठरत होती.

या सुजेचा आतड्यांवर काय परिणाम होतो हे २००२ साली नॉटिंगहॅमच्या दिलीप लोबो आणि सहकाऱ्यांनी दाखवले. आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वीस रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एकाला रोज किमान तीन लिटर पाणी आणि १५४ मिलिमोल सोडियम, दुसऱ्याला जास्तीत जास्त दोन लिटर आणि ७७ मिलिमोल. चौथ्या दिवशी किरणोत्सारी खूण मिसळलेले अन्न देऊन जठर रिकामे व्हायला किती वेळ लागतो ते मोजले. घन अन्नाचा निम्मा भाग पुढे सरकायला पहिल्या गटात साधारण १७५ मिनिटे लागली, दुसऱ्यात ७२. पहिल्या गटाला शौचाला अडीच दिवस उशिरा झाली आणि घरी जायला तीन दिवस जास्त लागले. रुग्ण फक्त वीस होते, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधून त्याला बळकटी मिळाली. ब्रांडस्ट्रुप यांनी आठ रुग्णालयांतल्या १७२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. नेहमीच्या गटाला शस्त्रक्रियेच्या दिवशी सुमारे ५.४ लिटर द्रव मिळाले, मर्यादित गटाला २.७ लिटर. पहिल्या गटातल्या ५१ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यातल्या ३३ टक्क्यांना. हृदय-फुप्फुसांच्या तक्रारी आणि जखम भरण्यातल्या अडचणी, दोन्ही कमी झाल्या. हे ५.४ लिटर आपण वर मांडलेल्या सूत्राच्या बेरजेच्या जवळ जातात, आणि तो योगायोग नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. मागे वळून पाहताना सगळ्यांनाच सोपे दिसते; त्या काळच्या भूलतज्ज्ञाजवळ पट्टा, नाडी आणि लघवीची पिशवी याखेरीज काय होते? आणि सूत्र नसते तर नवख्या हातांनी रुग्ण कोरडे ठेवले नसते का? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. रक्ताभिसरण डोळ्यांना दिसत नाही आणि सूत्राने अननुभवी हातांना काहीतरी आधार दिला. पण मूर यांचा ग्रंथ होता, १९६७ चे संपादकीय होते, १९७७ चे मोजमाप होते. पुरावा नव्हता असे नाही. तो विचारात घेण्याची निकड भासली नाही, कारण सूत्राने प्रश्नच मिटवून टाकला होता. सूत्र हा आरंभबिंदू म्हणून चांगला असतो. घाईच्या वेळी तेच अंतिम उत्तर झाले, की रुग्ण समोर असूनही नजरेआड होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१८ साली ‘रिलीफ’ या चाचणीचे निकाल आले. सात देशांतल्या ४७ केंद्रांत, पॉल माइल्स यांच्या नेतृत्वाखाली तीन हजार रुग्णांवर ती झाली. मर्यादित गटाला पहिल्या चोवीस तासांत सुमारे ३.७ लिटर, सढळ गटाला ६.१ लिटर द्रव मिळाले. वर्षभरानंतर अपंगत्वाशिवाय जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण दोन्हींकडे जवळजवळ सारखे, सुमारे ८२ टक्के. पण मूत्रपिंडांची इजा मर्यादित गटात ८.६ टक्के, सढळ गटात ५ टक्के. मग जुने लोकच बरोबर होते, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. सढळ गटाचे वजन सुमारे दीड किलोच वाढले होते. नॉटिंगहॅमच्या जास्त द्रव मिळालेल्या गटाचे वाढले होते तीन किलोंच्या आसपास. शिवाय मधल्या काळात दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया आल्या होत्या आणि रुग्णाला लवकर खायला-चालायला लावणारी, कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट यांनी पुढे आणलेली पद्धत रुजली होती. ‘रिलीफ’ने दाखवले ते हे, की ‘कमी द्या’ हेही एक सूत्रच होते आणि ते आंधळेपणाने पाळले तर मूत्रपिंडे किंमत मोजतात. चाळीस वर्षे एका बाजूला झुकलेले पारडे ‘शून्य शिल्लक’, म्हणजे गेले तेवढेच द्यायचे, या नव्या घोषणेने दुसऱ्या बाजूला गेले, पण प्रश्नांचा क्रम तोच राहिला.

क्रम बदलला की काय होते हे फ्रान्सच्या ‘इन्प्रेस’ चाचणीत दिसले. २०१७ साली इमानुएल फ्युतिए आणि सहकाऱ्यांनी तीनशेच्या आत रुग्णांचे निकाल मांडले. त्यात बहुतेकांची पोटाचीच शस्त्रक्रिया होती. दोन्ही गटांना द्रव सारख्याच पद्धतीने दिले. एका गटात दाब बराच घसरल्यावरच एफेड्रिन द्यायचे. दुसऱ्यात रुग्णाच्या नेहमीच्या दाबाच्या दहा टक्क्यांच्या आत तो नॉरॲड्रेनलिनने टिकवायचा. सैल झालेल्या रक्तवाहिन्यांना पाण्याने भरण्याऐवजी औषधाने किंचित आवळायचे, हा त्यातला विचार. पहिल्या गटात ५१.७ टक्के रुग्णांच्या एखाद्या अवयवाचे काम बिघडले, दुसऱ्यात ३८.१ टक्के. यावर तिसरा आक्षेप घेता येतो: मोठ्या चाचण्यांत हे टिकले कुठे? हृदयापर्यंत नळी घालून सतत मोजमाप करण्याच्या पद्धतीची जवळजवळ दोन हजार वृद्ध रुग्णांवरची कॅनडातली चाचणी २००३ साली आली, तिच्यात फायदा दिसला नाही. ‘पॉइझ-३’ या चाचणीत साडेसात हजारांच्या आसपास रुग्णांत दाब जपण्याच्या दोन धोरणांत फरक पडला नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांवरच, रुग्णागणिक दाबाचे लक्ष्य ठरवणाऱ्या २०२५ सालच्या जर्मन चाचणीतही नाही. हे निकाल नाकारता येत नाहीत आणि ‘इन्प्रेस’ एकट्याने त्यांना पुरी पडत नाही. पण या बहुतेक चाचण्यांत तपासला गेला तो एखादा आकडा आणि त्याला बांधलेली कृती. नवा आकडाही ‘का’ विचारल्याशिवाय वापरला, तर तो सूत्राचीच जागा घेतो. त्यामुळे या चाचण्यांनी कारणशोध निरुपयोगी ठरवला असे म्हणता येत नाही. कारणाऐवजी लक्ष्य ठेवून भागत नाही, एवढे त्या सांगतात.

म्हणूनच आजच्या चांगल्या रीतीचे मोल कमीजास्त लिटरांत नाही. रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी पिऊ देणे, म्हणजे उपवासाचा खोटा हिशेब मुळातच संपवणे. रक्त सांडले तर रक्ताचा विचार करणे, शिरा सैल पडल्या तर औषधाचा, हृदय कमी पडले तर हृदयाचा, आणि द्रव खरेच कमी असेल तेव्हा थोडे देऊन परिणाम पाहणे, न दिसल्यास थांबणे. लघवी कमी दिसली की मूर यांचे म्हणणे आठवणे. यातले काहीही एका ओळीच्या नियमात बसत नाही आणि प्रत्येकासाठी शिकवणाऱ्याला वेळ द्यावा लागतो. ज्या रुग्णालयात एकच भूलतज्ज्ञ दोन टेबले सांभाळतो, तिथे सूत्राचा मोह जास्त असणार आणि त्याला दोष देऊन भागणार नाही; तिथे माणसे वाढवावी लागतील. शायर्स आणि मूर दोघेही मोजमापावर विश्वास ठेवणारे वैज्ञानिक होते आणि दोघांनीही मोजलेले आपापल्या मर्यादेत खरे होते. त्यांच्या आकड्यांवरून नियम करणाऱ्यांनी मर्यादा तेवढ्या गाळल्या. पोट उघडलेल्या माणसाच्या रक्ताभिसरणाबद्दल पुढेही नवे आकडे येतील, नवी यंत्रे येतील, आणि त्यातली काही खरोखर उपयोगी ठरतील. दाब का घसरला हे आधी विचारणाऱ्या भूलतज्ज्ञाच्या हाती त्यांचा उपयोग होईल. बाटली आधी सोडून मग विचार करणाऱ्याच्या हाती तेही तिसऱ्या जागेइतकेच महाग पडतील.